विद्यापीठातील संशोधन आणि तांत्रिक नोकऱ्या: पहिल्यांदा अर्ज करणाऱ्यांसाठी

"संशोधनात जायचे आहे, सुरुवात कुठून करू?" असे विचारत दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर काही विद्यार्थी आमच्या उपकरण केंद्रात येतात. कोणी एम.एस्सी.च्या शेवटच्या सत्रात असतो, कोणी बी.ई. होऊन वर्षभर घरी असते, तर कोणाकडे इलेक्ट्रॉनिक्सची पदविका असते आणि हे आपले क्षेत्र आहे की नाही इथपासूनच शंका असते. मी त्यांना उलट एकच प्रश्न विचारतो: कोणाच्या पैशावर? प्रश्न जरा रोखठोक वाटतो. पण विद्यापीठातले प्रत्येक पद कोणत्या ना कोणत्या पैशावर उभे असते, आणि पगार, मुदत, रजा, गाइड बदलण्याची मोकळीक, पीएच.डी.ला नोंदणी होईल की नाही, या सगळ्यांची उत्तरे त्या एका उत्तरातून निघतात. त्यामुळे हा लेखही तिथूनच सुरू करतो.

पहिली पायरी: पैसा कोणाचा, ते ओळखा

पहिला प्रकार फेलोशिपचा. राष्ट्रीय परीक्षा देऊन मिळवलेली ज्युनिअर रिसर्च फेलोशिप, म्हणजे जेआरएफ, ही तुमच्या नावावर असते. ती घेऊन तुम्ही नियमात बसणाऱ्या कोणत्याही विद्यापीठात किंवा संस्थेत जाऊ शकता. ज्याच्याकडे स्वतःची फेलोशिप आहे तो विद्यार्थी गाइडला हवाच असतो, कारण त्याच्या पगाराची तजवीज गाइडला करावी लागत नाही.

दुसरा प्रकार प्रकल्पाचा. एखाद्या प्राध्यापकाला केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाकडून, जैवतंत्रज्ञान विभागाकडून, डीआरडीओकडून किंवा इस्रोच्या रिस्पॉन्ड योजनेतून ठरावीक मुदतीचा निधी मिळतो आणि त्यातून ते माणसे नेमतात. या प्राध्यापकांना प्रमुख अन्वेषक म्हणतात. बोलताना सगळे 'पीआय' म्हणतात. प्रोजेक्ट असोसिएट, प्रोजेक्ट असिस्टंट, प्रकल्पातला जेआरएफ ही सगळी पदे या निधीवरची. निधी संपला की पद संपते, आणि जाहिरातीत ते 'प्रकल्पासोबत समाप्त होणारे' असे स्पष्ट लिहिलेले असते. २०२३ च्या कायद्याने अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन स्थापन झाले आणि आधीचे 'सर्ब' हे मंडळ त्यात विलीन झाले. त्यामुळे जुन्या कागदांवर सर्ब आणि नव्या कागदांवर एएनआरएफ दिसले तर गोंधळून जाऊ नका.

तिसरा प्रकार मंजूर पदांचा: तांत्रिक सहायक, प्रयोगशाळा सहायक, तंत्रज्ञ, तांत्रिक अधिकारी. ही संस्थेच्या आस्थापनेवरची कायम पदे. ती क्वचित निघतात, राज्य विद्यापीठांत तर बिंदुनामावली (आरक्षणानुसार पदांची यादी) आणि शासनाची मान्यता यांत वर्षानुवर्षे अडकून राहतात. पण निघाली की वेतनश्रेणीसह निघतात.

घोटाळा होतो तो 'जेआरएफ' या एकाच शब्दामुळे. परीक्षा देऊन मिळालेली जेआरएफ आणि प्रकल्पात नेमलेला जेआरएफ यांचा मासिक आकडा सारखा असला, तरी पहिली तुमच्यासोबत फिरते आणि दुसरी प्रयोगशाळेतच राहते. घरी पेढे वाटण्याआधी आपली कोणती, ते नियुक्तिपत्रावर पाहून घ्या.

दुसरी पायरी: परीक्षांचे वर्ष आखा

विज्ञान शाखेसाठी मुख्य परीक्षा म्हणजे वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद (सीएसआयआर) आणि विद्यापीठ अनुदान आयोग (यूजीसी) यांची सीएसआयआर-यूजीसी नेट. रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र, जीवशास्त्र, गणित, आणि पृथ्वी, वातावरण, सागर व ग्रहविज्ञान असे तिचे पाच विषय आहेत. पेपर तीन तासांचा, २०० गुणांचा, आणि त्यात चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात. जून आणि डिसेंबर अशा दोन फेऱ्या ठरलेल्या असल्या, तरी प्रत्यक्ष तारखा पुढे सरकतात, म्हणून तिकीट आरक्षण आणि लग्नाच्या तारखा जरा सैल ठेवा. २०२४ पासून नेटचा निकाल तीन गटांत लागतो: जेआरएफसह पात्र, सहायक प्राध्यापक पदासाठी व पीएच.डी. प्रवेशासाठी पात्र, आणि केवळ पीएच.डी. प्रवेशासाठी पात्र. शेवटच्या दोन गटांतील उमेदवारांच्या प्रवेशात नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के भार असतो, आणि हे गुण एकाच वर्षासाठी चालतात. तरीही तुमच्या विद्यापीठाची स्वतःची 'पेट', म्हणजे पीएच.डी. प्रवेश परीक्षा, आहे का, हे त्या वर्षीच्या परिपत्रकात बघायला विसरू नका.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी गेट. ही परीक्षा बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि सात जुन्या आयआयटी मिळून आलटून पालटून घेतात. ती फेब्रुवारीत होते, १०० गुणांची असते आणि तिचा स्कोअर तीन वर्षे चालतो. तिसऱ्या वर्षात असतानाही ती देता येते, हे अनेकांना चौथ्या वर्षाच्या शेवटी कळते. गेटचा उपयोग एम.टेक.पुरताच आहे असे समजू नका; प्रकल्पांतील संशोधक पदे, थेट पीएच.डी. आणि भाभा अणुसंशोधन केंद्राच्या प्रशिक्षण शाळेची निवड या सगळ्यांत तो स्कोअर लागतो. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनीही गेट जरूर द्यावी. नेटमध्ये थोडक्यात हुकलेल्या कितीतरी जणांना गेटनेच प्रकल्पात प्रवेश मिळवून दिला आहे.

यांशिवाय भौतिकशास्त्र आणि सैद्धांतिक संगणकशास्त्रासाठी 'जेस्ट' ही परीक्षा आहे आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेची, म्हणजे टीआयएफआरची, स्वतःची प्रवेश परीक्षा आहे. महाराष्ट्रातल्या उमेदवारांसाठी राज्याच्या संस्थांच्या पीएच.डी. फेलोशिपही आहेत: अनुसूचित जातींसाठी पुण्याची बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी पुण्याचीच सारथी, आणि इतर मागासवर्ग, भटक्या व विमुक्त जमाती व विशेष मागास प्रवर्गासाठी नागपूरची महाज्योती. या जाहिरातींना ठरलेला महिना नसतो. पीएच.डी.ची नोंदणी आधी झालेली असणे ही त्यांतली नेहमीची अट, म्हणून नोंदणीची तारीख आणि पत्र सांभाळून ठेवा.

तिसरी पायरी: पदवीच्या काळातच प्रयोगशाळेचे दार उघडा

परीक्षेचा अभ्यास खोलीत बसून होतो, पण आपल्याला हे काम आवडते का, हे खोलीत बसून कळत नाही. त्यासाठी उन्हाळी कार्यक्रम आहेत. देशातील तीन विज्ञान अकादमी मिळून दोन महिन्यांची उन्हाळी फेलोशिप देतात. मुंबईत मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा पदवी विद्यार्थ्यांसाठी 'नायस' हा उपक्रम आहे, टीआयएफआरचा अभ्यागत विद्यार्थ्यांचा उन्हाळी कार्यक्रम आहे आणि पुण्यात आयुका या खगोलशास्त्र केंद्राचा सुट्टीतला कार्यक्रम आहे. अर्ज साधारणपणे हिवाळ्यात भरले जातात आणि मुले जागी होतात एप्रिलमध्ये, हे दरवर्षीचे रडगाणे आहे.

यात निवड झाली नाही तर आपल्याच महाविद्यालयातल्या किंवा जवळच्या विद्यापीठ विभागातल्या एखाद्या शिक्षकाकडे दोन महिने काम मागा. स्टायपेंड मिळणार नाही. पण तराजू शून्यावर कसा आणायचा, द्रावणाच्या बाटलीवर नाव, तीव्रता आणि तारीख का लिहायची आणि प्रयोग फसल्यावर वहीत काय नोंदवायचे, हे शिकायला मोठी संस्था लागत नाही.

चौथी पायरी: गाइड शोधणे आणि पत्र लिहिणे

संस्थेचे नाव मोठे असते, पण दिवस काढायचे असतात ते एका माणसाच्या प्रयोगशाळेत. म्हणून संस्थेआधी माणूस निवडा. विभागाच्या संकेतस्थळावर प्राध्यापकांची यादी उघडा, त्यांचे गेल्या तीन-चार वर्षांतले दोन शोधनिबंध वाचा. सगळे समजणार नाही, हरकत नाही. निदान कोणता पदार्थ, कोणते उपकरण आणि कोणता प्रश्न एवढे समजले पाहिजे. मग त्यांच्याकडच्या आजी-माजी विद्यार्थ्यांशी बोला. पीएच.डी.ला किती वर्षे लागतात, निबंधावर पहिले नाव कोणाचे असते, रविवारी फोन येतात का, हे प्रश्न गाइडला विचारता येत नाहीत. विद्यार्थ्यांना कॅन्टीनमध्ये विचारता येतात. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चारच पीएच.डी. विद्यार्थी असू शकतात. तेव्हा जागा रिकामी आहे का, हेही विचारून घ्या. नाहीतर वर्षभर 'बघू' या शब्दावर काढावे लागते.

पत्र, म्हणजे ई-मेल, इंग्रजीत लिहावे लागेल, पण त्याची घडण कशी असावी ते इथे सांगतो. पहिल्या वाक्यात तुम्ही कोण, कुठले आणि कोणत्या वर्षाला आहात. दुसऱ्यात त्यांच्या कोणत्या कामामुळे लिहीत आहात, ते निबंधाचे नाव घेऊन. तिसऱ्या-चौथ्यात तुम्ही स्वतःच्या हाताने काय केले आहे. शेवटी नेमके काय मागत आहात: दोन महिन्यांचे काम, प्रकल्पातले पद की पीएच.डी.ची जागा, आणि कोणत्या तारखेपासून. सोबत दोन पानांचा बायोडेटा. एवढेच. आमच्या केंद्रातल्या एका प्राध्यापक बाईंना "आदरणीय सर" अशी सुरुवात असलेली पत्रे आठवड्याला चार-पाच येतात, आणि त्यांतल्या काहींत वर आणखी चाळीस प्राध्यापकांचे पत्ते उघडे दिसतात. त्या ती पत्रे पूर्ण वाचतही नाहीत, आणि यात त्यांचे काही चुकते असे मला वाटत नाही. दहा दिवसांत उत्तर आले नाही तर एकदा आठवण करावी. तिसरे पत्र लिहू नये.

पाचवी पायरी: जाहिरात ओळ न् ओळ वाचा

प्रकल्पपदांच्या जाहिराती वर्तमानपत्रात फारशा येत नाहीत. त्या संस्थेच्या संशोधन-विकास कार्यालयाच्या पानावर लागतात (आयआयटी मुंबईत हे काम आयआरसीसी पाहते) आणि अनेकदा दहा-पंधरा दिवसांचीच मुदत असते. ज्या पाच-सहा संस्था तुम्हाला झेपतील त्यांची पाने दर सोमवारी उघडायची सवय लावून घ्या.

जाहिरातीत सर्वांत आधी 'आवश्यक पात्रता' आणि 'इष्ट पात्रता' वेगळी करा. आवश्यक पात्रतेत तुम्ही अर्ध्या टक्क्याने कमी असाल तर अर्ज छाननीतच बाजूला पडतो, तिथे विनंतीचा उपयोग नसतो. इष्ट पात्रता मात्र पीआयच्या मनातला माणूस कसा आहे ते सांगते. "विद्युत-रासायनिक मापनाचा अनुभव इष्ट" असे असेल आणि तुम्ही ते एकदाच केलेले असेल, तरी अर्ज करा आणि एकदाच केले आहे असेच लिहा. त्यानंतर निधी देणारी संस्था, प्रकल्पाचा उरलेला काळ, वयोमर्यादा आणि पीएच.डी.ला नोंदणी करता येईल की नाही, हे पाहा. "सुरुवातीला सहा महिन्यांसाठी" असे लिहिलेले असेल आणि प्रकल्पाचे तिसरे वर्ष चालू असेल, तर पद खरोखर सहाच महिन्यांचे आहे असे धरून चाला.

आकड्यांचे म्हणाल, तर १ जानेवारी २०२३ पासून लागू झालेल्या केंद्राच्या दरांनुसार जेआरएफला पहिली दोन वर्षे महिना ३७,००० रुपये आणि पुढे आढावा होऊन सीनिअर रिसर्च फेलो झाल्यावर ४२,००० रुपये मिळतात. नेट किंवा गेट असलेल्या प्रोजेक्ट असोसिएट-१ ला ३७,००० आणि नसलेल्याला ३०,००० रुपये. यावर शहराप्रमाणे घरभाडे भत्ता: पुण्या-मुंबईत ३० टक्के, नागपूर-नाशिकसारख्या शहरांत २० टक्के. म्हणजे पुण्यातल्या जेआरएफच्या हाती ११,१०० रुपये भत्ता धरून ४८,१०० रुपये यायला हवेत. वसतिगृहात राहत असाल तर भत्ता मिळत नाही. जाहिरातीत 'एकत्रित मानधन' असा शब्द असेल तर वेगळा भत्ता नसतो; अंतर्गत निधीवरच्या छोट्या प्रकल्पांत तर हे मानधन वरच्या दरांच्या बरेच खाली असते.

आणखी एक, जे कोणत्याच जाहिरातीत लिहीत नाहीत: पैसे दर महिन्याच्या एक तारखेला येतीलच असे नाही. निधीचा वार्षिक हप्ता, खर्चाचा दाखला, हजेरीचे पत्रक, यांत कुठेतरी कागद अडतो. मी प्रकल्पात होतो तेव्हा एकदा सलग पाच महिने मानधन आले नव्हते, आणि मग एकदम आले. घरभाडे आणि खानावळ यांची निदान तीन महिन्यांची सोय हाताशी ठेवूनच शहर बदला.

फसवणुकीबद्दल थोडक्यात. खरी संस्था अर्जाचे शुल्क घेत असेल तर ते संस्थेच्या खात्यात घेते; 'सुरक्षा ठेव' म्हणून कोणाच्या खासगी क्रमांकावर पैसे मागत नाही. पत्ता 'डॉट एसी डॉट इन', 'डॉट आरईएस डॉट इन' किंवा 'डॉट जीओव्ही डॉट इन' असा नसेल, तर संस्थेच्या कार्यालयात फोन करून खात्री करा.

सहावी पायरी: कागद

इथे हुशार उमेदवारही ठेचकाळतात. आपल्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येते आणि आधार कार्डावर शेवटी; फेलोशिपच्या पोर्टलला ही दोन वेगळी माणसे वाटतात. नेट-गेटचा अर्ज भरतानाच एक नाव पक्के करा आणि बँक खाते त्याच नावाने ठेवा. लग्नानंतर नाव बदलले असेल तर राजपत्राची प्रत जवळ हवी.

आरक्षणाचा लाभ घेणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी: राज्यातील कामांसाठीचा दाखला आणि केंद्राच्या नमुन्यातला दाखला हे वेगळे असतात. इतर मागासवर्गीयांना केंद्रीय संस्थेसाठी केंद्रीय नमुन्यातला, नॉन-क्रिमीलेअरच्या नोंदीसह दाखला लागतो, आणि आपली जात केंद्राच्या यादीत आहे का हे आधी पाहावे लागते. तो जाहिरात निघाल्यावर काढायला गेलात तर तहसील कचेरीतली रांग तुमच्यासाठी थांबणार नाही.

शेवटच्या सत्राचा निकाल लागलेला नसेल, तर 'निकालाच्या प्रतीक्षेत' असलेले चालतात का हे जाहिरातीत पाहा. चालत असतील तर विभागप्रमुखांचे पत्र सोबत न्या.

सातवी पायरी: मुलाखत

माझ्या पहिल्या मुलाखतीचा प्रसंग सांगतो, कारण त्यातून मिळालेला धडा मी आजही मुलांना देतो. एम.एस्सी.च्या प्रबंधात मी एका ऑक्साइडचे क्ष-किरण विवर्तन, म्हणजे एक्सआरडी, लावले होते. आलेख सुबक होता, शिखरांना नावे दिली होती. समितीतल्या एका वयस्कर सरांनी पान माझ्याकडे वळवले आणि विचारले, "ट्यूब कोणती होती?" मी गप्प. "स्कॅनचा वेग?" गप्प. "नमुना कसा भरला होता?" मी खरे ते सांगितले: "सर, मी पुडी दिली होती, चार दिवसांनी फाइल आली." सर हसले नाहीत, चिडलेही नाहीत. "मग हे मोजमाप तुमचे कसे?" एवढेच म्हणाले. निवड झाली नाही. तांब्याची ट्यूब, १.५४ अँगस्ट्रॉम तरंगलांबी, हे उत्तर मी त्याच संध्याकाळी पाठ केले. पण खरा प्रश्न त्या आकड्याचा नव्हताच.

तेव्हा बायोडेटात लिहिलेल्या प्रत्येक उपकरणाबद्दल तीन गोष्टी तयार ठेवा: ते काय मोजते, तुम्ही स्वतः त्यावर काय केले, आणि मोजमाप कुठे फसू शकते. नमुना दुसऱ्याने चालवला असेल तर 'विश्लेषण केले' असे लिहा, 'हाताळले' असे लिहू नका. समितीत साधारण चार-पाच जण असतात आणि त्यांतला एक तरी त्या उपकरणावर वीस वर्षे काम केलेला असतो. अभियांत्रिकीच्या मुलाखतीत अनेकदा साधी जोडणी काढायला सांगतात: संवेदकापासून संगणकापर्यंत संकेत कसा येतो, मध्ये प्रवर्धक कशाला, भूजोडणी कुठे. अशा वेळी "येत नाही, पण असा विचार करेन" असे म्हणून फळ्यापाशी गेलेला उमेदवार समितीच्या लक्षात राहतो.

आठवी पायरी: तांत्रिक वाटेकडे नीट पाहा

पीएच.डी. करणे म्हणजेच संशोधनात असणे, ही समजूत आपल्याकडे फार घट्ट आहे. मी स्वतः तांत्रिक बाजूचा असल्याने माझा कल सरळ आहे, तो वाचकांनी लक्षात घ्यावा. तरी सांगतो की या बाजूला चांगल्या हातांची कायम टंचाई असते.

नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे: प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. ती चालवते टीआयएफआरचे राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र, ज्याचे मुख्यालय पुणे विद्यापीठाच्या आवारात आहे. खगोलशास्त्रज्ञ आकाशाचा विचार करतात, पण अँटेना ठरलेल्या दिशेला वळवणारी सर्वो यंत्रणा, क्षीण संकेत पकडणारा ग्राही, प्रकाशीय तंतूंतून येणारी माहिती एकत्र करणारी संगणक यंत्रणा ही सारी अभियंते आणि तंत्रज्ञ सांभाळतात. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारायच्या, गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगो-इंडिया प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा असलेल्या त्या वेधशाळेला निर्वात, लेसर आणि नियंत्रण प्रणाली जाणणारी माणसे लागणार आहेत. गोव्यात दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे तांत्रिक कर्मचारी सिंधू संकल्प आणि सिंधू साधना या जहाजांवरून समुद्रात जातात. पुण्याच्या आयसर या विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत परम ब्रह्म हा महासंगणक आहे, आणि अशा यंत्रणा चालवायला लिनक्स, जोडणीचे जाळे आणि समांतर संगणन येणारी माणसे हवी असतात. संगणकाच्या पदवीधरांनी हे दार सहसा ठोठावलेलेच नसते.

विद्यापीठांत आणि आयआयटीत मध्यवर्ती उपकरण केंद्रे असतात. आयआयटी मुंबईतील 'सैफ' हे त्यांतले एक जुने नाव. जानेवारी २०२० मध्ये सुरू झालेल्या आय-स्टेम या राष्ट्रीय पोर्टलवर कोणते उपकरण कुठे आहे याची यादी पाहता येते. तुम्हाला कोणत्या उपकरणावर हात बसवायचा आहे ते ठरवायला ती यादी फार उपयोगी आहे.

कायम पदांची पात्रता समजून घ्या. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, नागपूरची नीरी, गोव्याची समुद्रविज्ञान संस्था या सीएसआयआरच्या प्रयोगशाळांत 'तंत्रज्ञ' पदासाठी विज्ञानासह दहावी आणि आयटीआय लागते, वेतनश्रेणी सातव्या वेतन आयोगाच्या स्तर २ पासून, म्हणजे १९,९०० रुपये मूळ वेतनापासून सुरू होते. 'तांत्रिक सहायक' हे पद बी.एस्सी. किंवा अभियांत्रिकी पदविकाधारकांसाठी; ते स्तर ६ मध्ये, ३५,४०० रुपये मूळ वेतनापासून, आणि तिथे अनुभव मागतात. तो अनुभव येतो कुठून? प्रकल्पातल्या त्याच तात्पुरत्या पदांतून आणि शिकाऊ उमेदवारीतून. म्हणून बी.एस्सी.नंतर सहा महिन्यांचे प्रकल्पपद मिळत असेल तर ते हलके समजू नका.

या कामात दिवस कसा जातो? सकाळी आल्यावर निर्वात पंपाचे तेल पाहायचे: मधासारखे आहे तोवर ठीक, काळ्या चहासारखे झाले की बदलायचे. एनएमआर या रेणूंची रचना ओळखणाऱ्या उपकरणाच्या चुंबकातल्या द्रव हेलियमची पातळी नोंदवायची, कारण ती खाली गेली आणि चुंबकाची अतिसंवाहकता गेली, तर सगळे हेलियम वायू होऊन सुटते आणि नुकसान लाखांत जाते. मग नमुन्यांची रांग. एक विद्यार्थी ओलसर भुकटी घेऊन येतो, त्याला परत पाठवायचे आणि का पाठवले ते समजावायचे. दुपारी कंपनीचा सेवा-अभियंता येतो. त्याच्या खांद्यावरून पाहत जे शिकायला मिळते ते कोणत्याही अभ्यासक्रमात नसते. रसायनशास्त्राच्या जुन्या विभागात काच फुंकणारा कारागीर असेल तर तासभर त्याच्याजवळ उभे राहा. ज्वालेत नळी फिरवत तो सांधा कसा जोडतो ते पाहिल्यावर तुम्ही काचेच्या उपकरणाशी जरा जपून वागू लागता.

या वाटेची उणी बाजूही आहे. निबंधावर नाव येईलच असे नाही, कधी आभाराच्या ओळीतही येत नाही. बढती सावकाश होते. कंत्राटावर असाल तर दर अकरा महिन्यांनी नूतनीकरणाची वाट पाहावी लागते. हे मान्य असेल तरच या.

पीएच.डी.ला जाणार असाल तर

२०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.ला किमान तीन आणि कमाल सहा वर्षे. महिला आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना दोन वर्षांची जादा सवलत, आणि महिलांना प्रसूती व बालसंगोपनासाठी एकूण २४० दिवसांपर्यंत रजा. चार वर्षांची पदवी ७५ टक्के गुणांनी मिळवलेले विद्यार्थी पदव्युत्तर पदवीशिवाय थेट प्रवेश घेऊ शकतात. आरक्षित प्रवर्गांना यात पाच टक्क्यांची सूट आहे. नोकरी सांभाळून अर्धवेळ पीएच.डी.ही करता येते, मात्र मालकाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. संसारामुळे संशोधन सुटलेल्या स्त्रियांसाठी विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची वाइज-किरण ही योजना आहे. परदेशात जायचे असेल तर एवढेच सांगतो की जर्मनीसारख्या देशात पीएच.डी. ही बहुधा पगारी नोकरी असते आणि तिची जाहिरात निघते. प्रवेशाच्या हंगामाची वाट पाहत बसू नका.

रुजू होताना आणि निघताना

पहिल्या दिवशी पीआयकडून तीन गोष्टी लेखी घ्या, साध्या ई-मेलवर चालतील: तुमचे काम काय, मुदत कधीपर्यंत आणि रजेचा हिशेब काय. प्रयोगवही बांधीव असावी, पानांना क्रमांक असावेत आणि खाडाखोड झाली तर एक रेघ मारून बाजूला खरे लिहावे. कच्ची आधारसामग्री दोन ठिकाणी साठवा, त्यांतले एक ठिकाण प्रयोगशाळेचे असू द्या, कारण ती सामग्री तुमची एकट्याची नाही. आम्ल, वायूच्या टाक्या आणि द्रव नायट्रोजन हाताळण्याचे प्रशिक्षण मिळेपर्यंत रात्री एकट्याने काम करू नका, कोणी कितीही घाई केली तरी.

निघायची वेळ आली की अनुभवाचा दाखला शेवटच्या आठवड्यात न मागता महिनाभर आधी मागा, आणि मजकुराचा कच्चा खर्डा स्वतः करून द्या. त्यात रुजू झाल्याची व कार्यमुक्त झाल्याची तारीख, पदाचे नाव, प्रकल्पाचा क्रमांक, मासिक मानधन आणि तुम्ही स्वतः चालवलेली उपकरणे हे सगळे आले पाहिजे. नुसते "समाधानकारक काम केले" असे लिहिलेला दाखला पुढच्या छाननीत अनुभव म्हणून धरत नाहीत. सही झाली की खाली संशोधन कार्यालयाचा जावक क्रमांक आणि शिक्का घ्या, आणि पीआय रजेवर किंवा परदेशी जाण्याआधी हे उरकून टाका.